मन कुठे लावायचं नाही, ते आधी ठरवा

स.न.वि.वि.
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय 47, नोकरीला 22 वर्षं झाली. पहिली ते चौथी मिळून 14 मुलं. सोबतच्या टीचरला जूनमध्ये ‘तात्पुरतं’ म्हणून दुसऱ्या शाळेत पाठवलं, तेव्हापासून मी एकटीच. शिकवणं, माध्यान्ह आहाराची नोंद, यूडायसवर शाळेची माहिती भरणं, मुलांचे अपार ओळखक्रमांक, दिन साजरे करून फोटो पाठवणं, सगळं माझ्याकडे. नोव्हेंबरपासून बीएलओ (मतदान केंद्राची अधिकारी) म्हणून एसआयआरचे, म्हणजे मतदार यादीच्या विशेष फेरतपासणीचे, फॉर्म घेऊन दारोदार फिरले ते वेगळंच. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “पट का घटला? पुढच्या वर्षी पहिलीत दहा मुलं आणा.” प्रशिक्षणात एका वक्त्यांचं प्रेरणादायी भाषण झालं. ‘तुमच्यातला दिवा विझू देऊ नका’ म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी परतताना कदंब बसमध्ये वाळपई येईपर्यंत रडत होते. त्याच आठवड्यात तिसरीतल्या एका मुलाच्या वहीवर लाल पेनने इतक्या रागाने काट मारली की पान फाटलं. नाताळची सुटी संपायच्या आदल्या रात्री पोटात गोळा आला. सासूबाई म्हणतात, “दुपारी दीडला घरी असतेस, कसला गे ताण?” मिस्टर म्हणतात, “सरकारी नोकरी आहे, गप बस.” मला पूर्वी शिकवायला मनापासून आवडायचं. ते मन परत कसं आणू? की नोकरीच सोडू?
– एक टीचर, सत्तरी

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नोकरी आज सोडू नका. आणि ‘काही झालं तरी सोडणार नाही’ अशी शपथही आज घेऊ नका. एवढ्या थकव्यात घेतलेला कुठलाच मोठा निर्णय आपला नसतो.

आता मनाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. तो आजार नाही, कामातून उद्भवणारी अवस्था आहे, असं त्यांनी म्हटलं आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. सुटी होऊनही थकवा गेला नाही, ही पहिली. फाटलेलं पान ही दुसरी. ‘ते मन परत कसं आणू’ या वाक्यात तिसरी लपली आहे. या व्याख्येतली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की ती बोट कामाकडे दाखवते, माणसाच्या स्वभावाकडे नाही.

त्या मुलाचं मात्र लांबवू नका. त्याला बाजूला बोलावून ‘त्या दिवशी माझं चुकलं’ एवढंच सांगा आणि कव्हर घातलेली नवी वही द्या. फार समजावत बसू नका, मुलांना त्याने अवघडल्यासारखं होतं.

भाषण देणाऱ्या वक्त्यांवर माझा राग नाही. बोलावलं म्हणून ते आले. पण जिथे शिक्षक कमी आहेत तिथे उत्साह कमी आहे असं निदान केलं की उपाय स्वस्तात पडतो, आणि हे निदान आपल्याकडे फार सवयीचं झालं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडून बघा. पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं तिथे लिहिलं आहे. मुलं 14 असोत नाहीतर 54. म्हणजे जूनपासून तुम्ही दोन माणसांचं काम करताय आणि माझं मन अर्धं का झालं, असं मला विचारताय.

तुम्हाला सगळ्यात जास्त पोखरतंय ते पटाचं ओझं, असं मला पत्रावरून वाटलं. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. 1961 च्या गोवामुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी, वाड्यावाड्यावर सरकारी मराठी शाळा उघडल्या. रस्ता पोचला नव्हता अशा ठिकाणीही मास्तर पोचला. नंतर 1990 मध्ये सरकारने प्राथमिकचं अनुदान कोकणी-मराठी माध्यमांपुरतं ठेवलं, आणि 2011 मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुलं केलं. त्यावरून किती मोर्चे निघाले, घराघरांत किती वाद झाले, ते तुम्ही पाहिलं आहे. कोण बरोबर ते ठरवायची ही जागा नव्हे. पण परिणाम समोर आहे. ज्याला परवडत नव्हतं त्यालाही इंग्रजी शाळा आवाक्यात आली. अनुदानित शाळांना बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, मिळाले. शिकलेली जोडपी कामासाठी फोंड्याला, म्हापशाला राहायला गेली. जी राहिली त्यांच्या घरी एक मूल, फार तर दोन. आता मला सांगा, यातली कुठली गोष्ट तुमच्या फळ्यावर ठरली?

हे फक्त मनात म्हणून भागणार नाही, कागदावर यायला हवं. वाड्यावरच्या अंगणवाडीत जा आणि सेविकेकडून पुढच्या तीन वर्षांत सहा वर्षांची होणारी मुलं किती, ते लिहून घ्या. समजा यंदा चार, पुढच्या वर्षी तीन, त्यानंतर पाच असतील. त्यातली किती आधीच दुसऱ्या शाळेच्या बालवाडीत जातात तेही लिहा. एका पानाचं टिपण होईल. पुढच्या तपासणीला ‘पट का घटला’ हा प्रश्न आला की रडू आवरत उत्तर शोधायचं नाही, ते पान पुढे करायचं. वाड्यावर मुलंच चार आहेत, तिथे दहा आणा म्हणणं हे उद्दिष्ट नव्हे. आणि मला विचाराल तर भागशिक्षणाधिकाऱ्यांनाही असं पान हवंच असतं, कारण त्यांनाही वर कोणीतरी हाच प्रश्न विचारत असतं.

त्या चार घरी मात्र एकदा जरूर जा. मूल आपल्या शाळेत आलं तर वर्षअखेरीस काय वाचू शकेल, ते साध्या शब्दांत सांगा. नंतर त्यांनी बालरथाचा रस्ता धरला तर तो त्यांचा निर्णय. जत्रेत भेटल्यावर तोंड फिरवू नका, आणि स्वतःलाही दोष देऊ नका.

आता जे सांगणार आहे ते चांगल्या शिक्षकांना ऐकवत नाही. सगळी कामं मन लावून करायची नसतात. तुमच्यासारखी बाई शाळेच्या गणपतीवरच्या माटोळीच्या सजावटीपासून मासिक अहवालापर्यंत सगळ्यात सारखाच जीव ओतते, आणि शेवटी गणिताच्या तासाला तिच्याकडे काही उरत नाही. म्हणून आधी मन कुठे लावायचं नाही ते ठरवा. अमुक दिन, तमुक सप्ताह साजरा करा आणि फोटो पाठवा असं परिपत्रक आलं की परिपाठातच दहा मिनिटं त्यावर बोला, एक फोटो काढा, तीन ओळींचा अहवाल पाठवा. थर्माकोल, रंगीत कागद, तोरण यातलं काही नको. कोणी विचारलंच तर ‘एकटी आहे’ म्हणा. हे उत्तर खोटं नाही. हजेरी, यूडायस, अपार ही कामं वेगळी. तिथे चूक झाली की ती महिन्याभराने दुप्पट होऊन परत येते. ती एकदाच, नीट, शांतपणे करा, आणि दुसऱ्यांदा उघडू नका. आहाराचं तर बोलायलाच नको. स्वयंसहाय्य गटाची बाई पावभाजी घेऊन आली की आधी तुम्ही चव घ्या, मगच वहीत सही करा. घाईत आधी सही आणि चव राहिली, असं एक दिवसही नको. ते कारकुनी काम नव्हे, 14 पोटांचा प्रश्न आहे.

निवडणुकीच्या कामाचं स्पष्ट सांगते, कारण यात अर्धवट माहितीवर बरेच जण भांडतात आणि हरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक ही तीन कामं शिक्षकांना देता येतात. म्हणजे बीएलओचं काम बेकायदा नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये निवडणूक आयोग आणि एका शाळेच्या खटल्यात सांगितलं की मतदार याद्यांचं काम शिक्षकांकडून सर्वसाधारणपणे सुटीच्या दिवशी आणि शिकवण्याची वेळ सोडून घ्यावं. तुमची शाळा एकशिक्षकी आहे. तुम्ही वाड्यावर फिरत होतात तेव्हा 14 मुलांजवळ कोण होतं? हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारून झोप घालवलीत. तो ऑफिसला विचारायला हवा होता. तो प्रश्न पुन्हा येणार आहे. 2027 च्या जनगणनेसाठी घरयादीचं काम 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ठरलं आहे आणि त्यात शिक्षकांची नावं असणारच. आदेश हातात पडला की दोन ओळींचा नम्र अर्ज द्या: ‘शाळेत मी एकटीच शिक्षिका आहे, या दिवसांत मुलांची व्यवस्था कोणी पाहावी, कृपया लेखी कळवावे.’ काम नाकारायचं नाही, फक्त विचारायचं. प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नका. शिक्क्याशिवायच्या अर्जाला गोव्यातल्या कुठल्याही ऑफिसात कोणी ओळखत नाही. आणि हे एकटीने करू नका. तालुक्यात तुमच्यासारख्या एकट्या शिकवणाऱ्या आणखी टीचर असतील. संघटनेकडून एकत्र पत्र गेलं की त्याचं वजन वाढतं आणि ‘तीच ती तक्रार करणारी’ असा शिक्काही कोणा एकीवर बसत नाही.

पालकांच्या ग्रुपचं पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो असणारच. रात्री साडेदहाला ‘टीचर, उद्या ड्रेस कुठला’ येणारच. पुढच्या पालकसभेत तोंडी सांगा, की संध्याकाळी सातनंतरचा मेसेज सकाळी वाचेन, मूल आजारी असेल तर फोन करा. लपूनछपून म्यूट केलं तर अपराधी वाटत राहतं. सांगून केलं की आठवड्याभरात सवय होते.

या सगळ्यातून वाचलेला वेळ कुठे घालायचा? शिकवण्यात, पण तिथेही वेगळ्या रीतीने. चार इयत्तांची चार पुस्तकं पानापानाने एकटीने पूर्ण करणं कोणालाही शक्य नाही. तो हट्ट सोडा. भाषा आणि गणितासाठी मुलांना इयत्तेने बसवू नका, कुठे अडतात त्याप्रमाणे बसवा. दुसरीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा दोघंही जोडाक्षराला अडखळत असतील तर ती दोघं एका गटात. ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत देशभर वापरली, आणि 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी तिची प्रत्यक्ष शाळांत पारख करून ती उपयोगी ठरते हे दाखवलं. चार गट करायची गरज नाही, दोन-तीन पुरतात. चौथीच्या मुलाला दुसरीजवळ बसायची लाज वाटेल, तर गटांना इयत्तेची नावं न देता झाडांची द्या.

बाकीचे विषय सगळ्यांना एकत्र घ्या. मार्चमध्ये सत्तरीत काजूचा हंगाम. मुलं सकाळी बोंडू वेचून शाळेत येतात, हातांना वास असतो. तोच पाठ करा. प्रत्येकाने मूठभर बिया आणाव्यात. पहिलीने दहा-दहाचे गठ्ठे करायचे, दुसरीने दोघांच्या बियांची बेरीज-वजाबाकी, तिसरीने तराजूवर पाव किलोत किती बिया बसतात ते मोजायचं, चौथीने घरी विचारून आलेला भाव लावून वीस किलोचे पैसे काढायचे. मग सगळ्यांनी मिळून झाड, फूल, बोंडू, बी यांचं चित्र आणि खाली चार ओळी. एक तास, चार इयत्ता, आणि त्या तासाला तुम्ही कुठल्याच गटाकडे पाठ केलेली नाही. बोंडूचा डाग वहीवर पडेल, पडू दे. यातलं काही तुम्हाला नवीन नाही, हे मला माहीत आहे. 22 वर्षांत असे तास तुम्ही घेतलेच असणार. पण ते आठवायला डोकं रिकामं लागतं, आणि तेच जूनपासून मिळालेलं नाही.

सकाळचा पहिला तास तेवढा राखून ठेवा. फोन कपाटात, कपाटाला कुलूप. ‘अर्जंट माहिती आजच अकरापर्यंत’ असा मेसेज आला तरी साडेनऊपर्यंत तो वाट पाहू शकतो. या तासाला वाचन घ्या. आधी उत्साह येईल आणि मग चांगलं शिकवेन, अशी वाट पाहू नका. बहुतेकदा उलट होतं: जे मूल काल ‘प्र’ वाचत नव्हतं ते आज ‘प्रकाश’ वाचतं, आणि मग आपल्याला आत काहीतरी हललंय असं जाणवतं. रोज शाळा सुटताना एका मुलाबद्दल दोन ओळी लिहून ठेवा, काय जमलं आणि काय अडलं. ‘माझ्या हातून काही होत नाही’ या वाटण्याला आकड्यांपेक्षा ही वही जास्त बरं उत्तर देईल. शिवाय तपासणीलाही उपयोगी पडेल.

घरच्यांबद्दल थोडंच लिहिते. शिक्षण हक्क कायद्याच्याच अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान 45 तास धरले आहेत, आणि तयारीचा वेळ त्यातच मोजला आहे. म्हणजे घरी बसून वह्या तपासणं हेही काम आहे, हे सरकारने लिहून दिलं आहे. सासूबाईंना कलमं वाचून दाखवू नका, नवा वाद नको. जेवणानंतर एक तास दार लावून आडवं व्हायचं किंवा तयारी करायची, एवढं न भांडता सुरू करा. मिस्टरांशी मात्र बोला. ‘गप बस’ हे बहुतेक वेळा दुष्टपणाने येत नाही, पगार थांबेल या भीतीतून येतं. त्यांना ‘सोडू का’ असं विचारू नका. ‘मला रात्री झोप येत नाही’ एवढंच सांगा.

आणि झोप येत नसेल, चिडचिड वाढली असेल, तर तब्येत आधी तपासून घ्या. 47 हे वय पाळी जाण्याच्या आसपासचं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर या तपासण्या वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात विचारा. अर्धा थकवा तिथेच सापडला तर बरंच. मन फारच खाली गेलं, जगण्यात काही अर्थ नाही असं वाटू लागलं, तर उशीर न करता 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात जा. बांबोळीला गेली म्हटल्यावर गावात कुजबुज होते, मला ठाऊक आहे. पर्वरीला ‘संगथ’ ही संस्था 1996 पासून याच क्षेत्रात काम करते, तिथेही विचारता येईल. कुजबुज करणारे तुमच्या वर्गात येऊन शिकवणार नाहीत.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर रजा घ्या. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. इतक्या वर्षांत तुमच्या खात्यात बरीच साठली असणार. ‘मी नसले तर शाळा बंद पडेल’ हे ओझं तुमचं नव्हे. बदली शिक्षक देणं हे खात्याचं काम.

सोडायचं की नाही, ते मेच्या सुटीत ठरवा, सुटी लागून निदान पंधरवडा झाल्यावर. 20 वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, तो रस्ता तुम्हाला खुला आहे. लेखा विभागातून पेन्शनचा आकडा काढून आणा आणि तो समोर ठेवूनच विचार करा. दुसऱ्या, दोन टीचर असलेल्या शाळेत बदली मागणं हाही पर्याय आहे. मला स्वतःला तो आधी करून पाहण्यासारखा वाटतो.

पण त्याच्याही आधी, याच महिन्यात, सोबतच्या टीचरसाठी अर्ज द्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 25, उपकलम 2 बघा. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण राखण्यासाठी, एका शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावू नये, असं ते सांगतं. अर्जात आपल्या थकव्याबद्दल एक अक्षर लिहू नका, पटाबद्दल तर नकोच. कलम, अनुसूचीतला दोन शिक्षकांचा निकष, तुमच्या सहकारी टीचरना पाठवल्याच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख, एवढंच. एक प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना, एक संघटनेला. पुढच्या वर्षाच्या नेमणुका ठरायच्या आत तो अर्ज टेबलावर असला पाहिजे.